चौदाव्यावरचे नऊ

हँडिकॅपच्या खोलीला खिडकी एकच,
तीही रिफायनरीकडे.
वारा फिरला की कार्डांना तेलाचा वास लागतो
आणि मी त्या वासासकट ती चढवते संगणकावर,
एकेक होल, एकेक आकडा.
खाली दोन सह्या : खेळणाऱ्याची, बघणाऱ्याची.
एक जरी नसली तरी कार्ड परत.
म्हणतात, भोईरची पोरगी फार ताठ आहे.

भोईर छत्तीस वर्षं इथे बॅगा वाहत होते.
घाटल्याहून चालत यायचे, उजेडाच्या आधी.
लिहिता येत नव्हतं. उजव्या खिशात चिंचोके.
फटका झाला की एक मुठीत,
होल संपला की मूठ डाव्या खिशात रिकामी.
हवेत गेलेला फटकाही फटकाच.
झुडपामागे, कुणी बघत नाही असं समजून मारलेला
तर हमखास.
ग्रीनवर झेंडा धरून उभे राहायचे,
मुठीत सात,
आणि साहेब म्हणायचे, "पाच लिहा हो."
बाबा बोलायचे नाहीत.
बोलण्याचे वेगळे पैसे मिळत नव्हते.
घरी येऊन डावा खिसा माझ्या ओंजळीत उलटा करायचे :
"मोज."
बेरीज मी अशी शिकले.

तेव्हा खोटं खाली ओढायचं,
नव्वदचं चौऱ्याऐंशी, संध्याकाळी बारमध्ये सांगायला.
आता वरही ढकलतं.
कपाच्या आधी तीन आठवडे
झवेरीसाहेब असे खेळतात
जसा काही काठीला हात पहिल्यांदा लागलाय.
वाईट कार्डं आठवणीने आणून देतात.
"आणि रविवारचं?" मी विचारते.
"भिजलं ते पावसात."
चेंबूरला. डिसेंबरात.

यंत्र तसं दयाळू आहे.
शेवटच्या वीस कार्डांतली चांगली आठ उचलतं,
उरलेली बारा पाहून न पाहिल्यासारखी करतं.
माझ्या वीस वर्षांचं असं कुणी...
पण तेवढ्यात चहा येतो.

परवा बिलिमोरियाबाई आल्या, वय एकोणऐंशी,
कार्ड टेबलावर आपटलं :
"दीकरी, माझे नऊ कुठे गेले?"
मी सांगितलं, चौदावा होल चारचा,
तुम्हाला सवलतीचा एक, त्यावर आणखी दोन,
झाले सात. त्याच्या वर हिशेबात धरत नाहीत.
एका वाईट होलवरून माणसाची पत ठरू नये म्हणून.
"पत राहू दे तुझी. दोन बॉल पाण्यात गेले,
तिसऱ्यासाठी मी मोज्यांसकट उतरले.
ते कुठे लिहिलंय?"

मला काही सुचेना. कार्ड पुन्हा त्यांच्यापुढे धरलं.
निळ्या शाईतला नऊ, लांब शेपटीचा,
पुढच्या चौकटीत घुसलेला.
त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला,
"हां," म्हणाल्या, आणि बूट कचकचवत गेल्या.

यंत्रात सात, कागदावर नऊ,
दोन्ही बरोबर.
हे बाबांना कसं सांगायचं ते मला अजून जमलेलं नाही.

जुनी कार्डं शेवटी रद्दीत जातात.
ते एक मी घरी आणलं. नियमात बसत नाही.
बाबांना आता दिसत नाही,
कार्डाच्या कडा चाचपून म्हणाले, "किती?"
"नऊ."
"कुठं?"
"चौदाव्यावर."
"तिथं काठाला उतार आहे. सकाळच्याला कळतच नाही."
उशाखालची डबी उघडली,
गुळगुळीत झालेले चिंचोके एकेक करून
या तळहातावरून त्या तळहातावर नेले,
नवव्याला थांबले.

"सह्या दोन्ही आहेत ना?"

आहेत, म्हटलं.