हुंकाऱ्या

मला गोष्ट येत नाही, बाई.
मला हुंकार येतो.

गोष्ट धाकल्या बरफाची.
भात झोडून झालं की तो खळ्यावर सांगायला बसायचा
आणि अकरा वर्षांचा मी समोर, जागं राहण्यासाठी नेमलेला.
बाकीचा पाडा झोपला तरी चालायचा. मी नाही.
हुंकार थांबला की गोष्ट थांबते, म्हणायचा,
आणि अर्ध्यात थांबलेली गोष्ट
रात्री घरात शिरून कणगीतलं भात खाते.

तर घ्या लिहून.
कणसरी रुसून निघाली, हूं.
मोठ्या घरी पाणी मागितलं, नाही दिलं, हूं.
लहान घरी फुटक्या गाडग्यात मिळालं, हूं.
मग नदी. तिला सात वळणं की नऊ,
दर वळणाला एक, शेवटच्याला लांब, हूंऽऽ.
त्यापुढं काय, ते विचारू नका.
किती वेळ, ते विचारा.
अर्धी विडी जळेल इतकं तो बोलायचा,
मग मी.

एका जागी मात्र हुंकार द्यायचा नाही.
तिथं रानातून तो यायचा. रात्री नाव घेत नाहीत.
म्हातारा नुसतं बोट वर करायचा,
आणि गोष्टीतून तो चालत पार होईपर्यंत
आम्ही दोघं श्वास धरून.

बाईंनी मशीन बंद केलं. पुन्हा येते म्हणाल्या.
येऊरच्या उतारावर त्यांची गाडी
बराच वेळ दिसत राहिली.

म्हातारा गेला तेव्हाही मी इथंच होतो,
मानपाड्याला, सी विंगच्या गेटवर, रात्रपाळीला.
निरोप सकाळी आला.

परवा, पावणेतीनला, सहा नंबरच्या कॅमेऱ्यात,
क्लबहाउसमागच्या भिंतीवरून
तो उतरला.
स्विमिंग पूलशी थांबला. पाणी क्लोरिनचं,
तरी प्यायला.
यादवनं वॉकीटॉकीवर विचारलं, सब ठीक?
शिट्टी गळ्यातच होती.
मी बोट वर केलं,
केबिनमध्ये, एकटाच, कुणाला दाखवायला कोण जाणे.
पोरांच्या घसरगुंडीखालून, कडेकडेनं,
तो डोंगराकडं निघून गेला.

मग रजिस्टर ओढलं.
वेळ, दोन सत्तावन्न.
कुठून आले, कुणाकडे, ते कोरं.
नावाच्या रकान्यात रेघ.
पेन खाली ठेवलं
आणि रिकाम्या खुर्चीकडं बघून म्हणालो,
हूं.

पुढं सांग.