सात नंबर

काचेला गाठ चालत नाही.
पहिल्याच दिवशी बेबाबाईने सांगितलं,
सात नंबरच्या मशीनपाशी, कानाला तोंड लावून,
कारण शेडमध्ये साधं बोलणंही गुपितासारखंच बोलावं लागतं:
'सुताला मारली असती. ही वाकते, पण गाठीत मरते.
टोकाशेजारी टोक ठेव, बोटभर पुढे ने,
चिकटाचा थेंब, आणि सोडून दे.'

चोवीस बॉबिनी.
बारा उजवीकडून, बारा डावीकडून,
एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून,
आणि मधून वर चढत जाते
पांढरी, पोकळ वेणी
जिला डोकंच नाही.

बाप माझा धुळ्याला मिलमध्ये, सूतखात्यात.
त्याच्या भुवयांवरचा कापूस
आम्ही फुंकर मारून उडवायचो.
माझ्या हातावरचं हे दिसतसुद्धा नाही, नुसतं टोचतं.
थंड पाणी. चोळायचं नाही.
साडी वेगळ्या बादलीत.
तोवर धाकटी फणी घेऊन दारातच उभी,
'झालं का? झालं का?'

वैशाखात यावलला भावाची मोटर जळाली.
केळी निसवलेली, आणि विहिरीत पाणी असून नसल्यासारखं.
वायंडिंगवाल्याने मोटरच्या पोटातून तार ओढली,
काळी, वार्निशच्या जळक्या वासाची.
टोकांवरची स्लीव्ह मात्र तशीच,
तपकिरी पडलेली, तरी गोल.
त्याने फेकली. मी उचलली.
नखाने चापून पाहिली.
वीतभर एक धागा गायब.

'काय सापळलं वं?' भाऊ म्हणाला.
काही नाही.

एवढ्याने मोटर जळत नाही. एक फेज गेला होता,
कारागीर दोनदा म्हणाला, मी न विचारताच.
आणि स्लीव्ह काय, कुठलीही असेल,
पुण्याची, गुजरातची.
पण एकदा, पाळी सुटायला पाच मिनिटं असताना,
सात नंबरवर मी गाठ मारली होती.
सवयीने. बापाच्या बोटांनी.

सोमवारी ती बेबाबाईला दाखवली.
तिने ट्यूबलाइटकडे धरली,
एक डोळा मिटून आरपार पाहिलं.
'पलीकडचं दिसतंय,' म्हणाली,
आणि परत दिली.

तिसरी बॉबिन संपत आली होती.