कॉशन

पेटीत आठ डिस्का.
एक परवापासून कुरकुरतेय,
अडकित्त्यात अडकलेल्या सुपारीसारखी.
नेहेते काका म्हणाले, उपट अन् लाव दुसरी,
जळगावहून आणलीय, बिलही आहे.
बाहेर भुसावळ सेहेचाळीसवर,
स्टुडिओतल्या कूलरला पाणी उरलेलं नाही.

उपटायची नसते, काका.
या आठजणी मिळून एक आहेत. याला पूल म्हणतात.
"तापीवर आहे तसा?"
हो म्हटलं, समजवायला सोपं गेलं.
मग रात्रभर तोच पूल माझ्या डोक्यातून हलेना.

एकोणीस वर्षांची लग्नं आहेत त्यात.
भरीत-पुरीच्या पंगती, रुसलेले जावई,
सावद्याच्या झांबरेंच्या मांडवात
अकरा सेकंद दिसणारी एक आत्या,
जिचा दुसरा फोटो घरात नाही.
प्रत्येकाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कांवर.

आधी पाहायचं, उरलेल्या सातजणींत जागा आहे का.
आहे. काठोकाठ, पण आहे.
मग स्क्रीनवर सांगायचं: हिला मोकळी कर.
आणि हात मांडीवर ठेवून बसायचं.

चार टक्के.
एकेक वऱ्हाड उठून शेजारच्या घरात जातंय,
ताट हातात, वाटी न हिंदकळू देता.

अकरा टक्के.
बाबा रेल्वेच्या गँगमध्ये होते.
पुलाअलीकडच्या वळणावर स्लीपर बदलायची,
गाड्या तर बंद होत नसत.
फक्त लांबवर एक पिवळी पाटी, वीसची गती,
आणि खाली गिट्टी उकरणारी सहा माणसं.
डब्यातला कुणी वैतागायचा, का रखडलीय ही?
त्याला कुणी सांगत नसे.
"एका टायमाले एकच स्लीपर, पोरी,
शेजारची काढाची नही,"
एवढंच बाबा जेवताना बोलायचे,
तेही भाकरीकडे बघत.
मला वाटायचं, यात काय मोठं.

सदतीस टक्के, आणि लाइट गेली.
यूपीएस किंचाळला. बॅटरी बारा मिनिटांची.
सायबू तडवी मागच्या बोळात
जनरेटरची दोरी ओढत होता,
दर ओढीला वेगळी शिवी.
आठव्या शिवीला इंजिन धरलं.
आकडा तसाच. सदतीस. मग, सावकाश, अडतीस.

तीन वाजून दहा मिनिटांनी शंभर.
"पाच नंबरची काढ," मी म्हटलं.
सायबूने डावीकडून बोट फिरवलं,
एक, दोन, तीन, चार, पाच,
कडी उघडली, डिस्क केसभर पुढे आली
थांब!
यंत्र शून्यापासून मोजतं, सायबू.
त्याची पाच म्हणजे तुझी सहावी.

त्याचं बोट कडीवर तसंच राहिलं.
चौकटीतला दिवा अजून हिरवा.
तळव्याने हलकेच आत रेटली मी.
ती ओढली गेली असती तर?
कदाचित काहीच झालं नसतं, दुसरी प्रत होती.
पण पहाटे तीन वाजता
कदाचित या शब्दावर माझा भरवसा नसतो.

मग मोबाइलच्या उजेडात लेबल वाचलं,
शेवटचे चार अंक, मोठ्याने, दोघांनी.
त्याने वाचले, मी स्क्रीनवर पाहिले. जुळले.
सहावी बाहेर आली.
हातात घेतली तर अजून गरम,
आत काही नाही आणि वजन तेवढंच.
मार्करने तिच्यावर लिहिलं: रिकामी.
मग वाटलं, हे खोडावं. खोडलं नाही.

नवी बसली. टक्.
वऱ्हाडं परत निघाली, पुन्हा एक टक्क्यापासून.

काका सात वाजता येऊन विचारतील, झालं का?
हो म्हणेन. आणि ते चहा मागवतील.

गच्चीवर आले तेव्हा पुलावरून मालगाडी जात होती,
फार हळू. कुठेतरी कॉशन लागलं असावं,
कुणीतरी खाली वाकलेलं असावं.
मी वॅगन मोजल्या, शून्यापासून.
अठ्ठावन्न निघाल्या की सत्तावन्न,
ते काही शेवटपर्यंत ठरलं नाही.