सनावळीबाहेर

फळ्यावर मी सनावळ्या लिहिते, मुलं घोकतात.
सतराशे सत्तावन्न, पलाशी.
पुढे बरोबर शंभर मिळवा, उठाव.
एकोणीसशे सत्तेचाळीसला वर्गाचा आवाज आपोआप चढतो
आणि पत्र्यावरचं साळुंक्यांचं जोडपं उडून जातं.
मागच्या बाकावरून मोर्जिना विचारते,
"दिदीमणी, त्या वर्षी आमचं काय झालं?"

आमचं म्हणजे काशियाडांग्याचं.
दिनहाट्याच्या वाटेवर, शाळेपासून सायकलनं अकरा मिनिटं.
तागाची दोन शेतं, बांबूचं बेट, मग एक कललेला खांब.
खांबाच्या अलीकडे भारत,
पलीकडे, भारताच्याच पोटात,
नव्वद बिघे परदेश.
म्हातारे सांगतात, कोचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार
बुद्धिबळात गावं पणाला लावायचे.
खरं-खोटं देव जाणे.
हरलेली गावं मात्र जिथल्या तिथेच राहिली,
पट गुंडाळून ते दोघं केव्हाच उठून गेले.

त्या वर्षी तुमचं काहीच झालं नाही, मोर्जिना.
पुढच्या अडुसष्ट वर्षांतही नाही.
विजेची तार तुमच्या डोक्यावरून गेली, खाली उतरली नाही.
घरात चोर शिरला तर कुठल्या ठाण्यात जायचं
हे चोरालाही ठाऊक होतं: कुठल्याच नाही.
तुझ्या वेळी तुझी आई अडली
तेव्हा इस्पितळाच्या कागदावर, नवऱ्याच्या रकान्यात,
शेजारगावच्या निबारण बर्मनचं नाव घातलं.
त्यानंच तिला व्हॅनरिक्षात घालून आणलं होतं.
तुझा खरा बाप, मोतलेब,
बाहेर पायरीवर, दुसऱ्याच कुणाला भेटायला आल्यासारखा,
विडी न पेटवता बसून.
मग शाळेच्या रजिस्टरातही तेच नाव आलं.
लिहिलं मीच.
निबारणदानं मान डोलावली,
मी वर पाहिलं नाही.

एकतीस जुलै, दोन हजार पंधरा.
मध्यरात्री अडुसष्ट मेणबत्त्या लावल्या.
वाऱ्यानं पाच-सहा विझल्या, पुन्हा लावल्या.
झेंडा वर गेला तेव्हा तुझे आजोबा खबीरुद्दीन
टोपी घालावी की काढावी या घोळात
ती हातातच धरून उभे.
माझ्या कानाशी येऊन म्हणाले,
"कुठेही न जाता परदेशातून परत आलो, मा."
हसले.
मग खूप वेळ खोकले.

पावसाळा सरता सरता नावदुरुस्तीचे अर्ज आले.
मोतलेब धुतलेला शर्ट घालून आला,
अंगठा नको, सहीच करतो म्हणाला,
सही करायला त्याला चहा निवेपर्यंत वेळ लागला.
निबारणदालाही बोलावलं होतं,
कारण त्यानंही लिहून द्यायचं होतं
की ही माझी मुलगी नाही.
दर ईदेला तुला फ्रॉक घेणारा माणूस,
पेन धरून बसला, खिडकीकडे बघत.
"लिहायलाच हवं का?" एवढंच.

मी रजिस्टर उघडलं, पट्टी ठेवली,
लाल शाईनं रेघ ओढली,
खालचं नाव वाचता येईल इतकी बारीक.

तुझी तारीख पुस्तकात नाही, मोर्जिना.
परीक्षेत येणार नाही.
तरी वहीच्या समासात लिहून ठेव,
आणि बाकीचं निबारणकाकाला विचार,
त्याला अजून तोंडपाठ आहे
कुठल्या साली कुठल्या रंगाचा फ्रॉक.