पुढची रांग

पहिल्या वर्षी बसलो सगळ्यात मागे,
शाळेच्या मैदानाच्या तारेला टेकून,
चहावाला स्टोव्हला पंप मारायचा
आणि तानपुऱ्यात त्याचीही फुरफुर मिसळायची.
एप्रिलची अखेर. रात्री दहालाही
जमीन तव्यासारखी. खाली आपलीच चादर,
तुमच्याच मागावरची, काठ चुकला म्हणून
मालकानं निम्म्या भावात गळ्यात मारलेली.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. अजूनही नाही.
मी सूप घेऊन आले होते मांडीवर,
भिजवून कापलेली पानं, तंबाखू, दोरा.
हजार विड्यांचा हिशेब
गाणं आहे म्हणून कुणी माफ करतं का?
बुवा सावकाश गात होते तोवर दोनशे झाल्या.
मग तबला पळायला लागला, बोटंही पळाली,
तुम्ही वाकून बघितलंत सुपात
आणि म्हणालात, कळतंय की तुला.

सालं नाही येत सांगता. जागा सांगते.
अनसूया पोटात होती तेव्हा कडुनिंबाखाली.
भावजींची गिरणी बंद पडली त्या उन्हाळ्यात
पाण्याच्या रांजणापाशी, आणि भावजीही आले होते,
रात्रभर एक शब्द न बोलता
पहाटे म्हणाले, भोंगा नाही झाला.
शेंगाचटणी आणि कडक भाकरी तीन रात्री पुरायची.
चौथ्या दिवशी कारखान्यात
माझ्या विड्यांत छाट फार निघायची, झोपेनं.

आणि लाइट गेली ते वर्ष.
धारवाडकडच्या एक म्हाताऱ्या बाई गात होत्या.
कर्णे मेले, माळा विझल्या,
आणि लाइटीबरोबर सगळ्या पूर्वभागाचे माग
एकदम गप्प झाले.
लग्न होऊन आल्यापासून मी ही शांतता
ऐकलीच नव्हती. चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला.
बाई थांबल्या नाहीत.
आवाज लहान झाला, सुतासारखा,
पण तुटला नाही, तारेपर्यंत पोचला.
अख्खं मैदान पुढं झुकलेलं,
आणि तुम्ही माझ्या कानाशी विचारलंत,
थांबल्या का गं बाई?

मला वाटलं, डोळा लागला असेल.
गातायत की, म्हटलं.
हो, हो, म्हणालात, आणि मान हलवत राहिलात.

पुढल्या वर्षी आपण कर्ण्याच्या खांबाखाली.
त्याच्या पुढल्या वर्षी खांब ओलांडून.
मी गल्लीत सांगत सुटले,
आमच्या येमूलांचं वेड वाढत चाललंय,
दर उन्हाळ्याला दोन रांगा पुढं!
बायका हसायच्या. मीही.

सिव्हिलच्या डॉक्टरनं कानामागच्या हाडावर
तो लोखंडी काटा वाजवून टेकवला.
ऐकू येतं का, त्यानं खुणेनं विचारलं.
तुम्ही डोळे मिटलेत. पांढरी एक, म्हणालात.
त्याला समजलं नाही. त्यानं कागदावर लिहिलं,
माग, सदतीस वर्षं.
मला ते वाचता आलं,
आणि परत येताना रिक्षात
एकेक रांग मागं मागं मोजत गेले मी,
खांब, रांजण, लिंब,
कुठल्या रांगेत कळायला हवं होतं?

आता गाणं हॉलमध्ये असतं. थंड हवा सोडतात,
मे महिन्यात मी शाल नेते.
खुर्च्यांवर आकडे, पुढच्या दोन रांगा पाहुण्यांच्या.
आपल्याला मिळाली अकरावी.
विड्या सुटल्या, बोटं आखडली,
तरी तबला लागला तशी मी तुमचा तळवा
ओढून घेतला मांडीवर, सुपासारखा,
आणि त्यावर वाजवत बसले, मला जमेल तसं,
पान, तंबाखू, वळण, दोरा.
पान, तंबाखू, वळण, दोरा.
तुमची मान बरोबर जागेवर पडत होती.

मधेच माझं लक्ष गेलं कुठंतरी.
तुम्ही हात झटकलात, कपाळाला आठ्या,
आणि म्हणालात, केवढ्या मोठ्यानं,
एक मात्रा खाल्लीस!
पाहुणे वळून बघायला लागले.