रकाना अकरा

चावडीवरचा झेरॉक्सवाला म्हणाला, बावीस पानं आहेत,
पाठपोट काढू?
काढ, म्हटलं.
वाड्यावर बी.कॉम. झालेली मी एकटीच,
म्हणून दिल्लीच्या संस्थेचा अर्ज माझ्या गळ्यात,
आणि समोर सोप्यावर माझे सासरे म्हाबळू वेळीप,
मांडीत अर्धवट विणलेली टोपली.

'जमिनीचा मालक.'
देवाचं नाव घाल, म्हणतात.
देवाला सही करावी लागेल.
मग वनखात्याचं घाल,
त्यांना सही करायला फार आवडतं.
बोलताना चेहरा सरळ.
आमचा हक्काचा दावा अकरा वर्षं
काणकोणच्या कपाटात आहे.
पाणी कुणाचं, हे अर्जात कुठेच विचारलेलं नाही.
मीही आठवण करून देणार नाही.

'स्थानिक समुदायाचा वाटा, टक्क्यांत.'
कार्तिकात ओढा उतरला की घरटी एक माणूस आत.
दगड तेच, पावसाने खाली नेलेले,
उचलून पुन्हा वर.
पायांनी मळलेला चिखल, करमळीचा पाला,
कुजकी झावळं, परत चिखल.
गुणवंतीच्या घरात पुरुष नाही, ती पाटी उचलते,
तिचा दिवस पुरा दिवस धरतात.
वायंगणाला पाणी सुटतं ते आधी तिच्या वाफ्यात,
कारण तिचा वाफा शेवटला,
आणि शेवटल्याला पहिलं, अशी रीत आहे.
हे टक्क्यांत कसं बसवायचं?

सासरे पेरांवर मोजतात. चौतीस घरं. नऊ दिवस.
मी पाचशेच्या रोजाने गुणते.
एक लाख त्रेपन्न हजार.
ते टोपली खाली ठेवतात.
एवढे पैसे आम्ही दरवर्षी
ओढ्यात घालत होतो?

पुढे रकाना अकरा:
'प्रकल्प संपल्यावर काय टिकून राहील?'
मी लिहायला घेतलं, बांध.
खोटं लिहू नको, म्हणाले.
बांध जूनमध्ये जातो. जायलाच हवा.
राहिला तर गाळ धरतो, मासा वर चढत नाही,
वरल्या वाड्याची भातं बुडतात.
सरकारने घातलेला सिमेंटचा आहे ना, तो टिकलाय.
पाणी त्याच्या बाजूने जातं.

नागवेकर साहेबांना फोन लावला.
साहेब चांगले आहेत, हळू बोलतात.
टिकाऊ मालमत्ता दाखवा, म्हणाले,
नाहीतर कमिटीपुढे जाणार नाही.
आणि फलक, चार बाय सहा,
तो खर्चात धरा.

खरं म्हणजे पैसे रोजासाठीच हवेत.
पोरं पाळोळ्याच्या हॉटेलांत,
कार्तिक म्हणजे त्यांचा सीझन,
माझा नवरा सोमवारचा येतो, झोपतो, जातो.
नऊ दिवसांचा पगार बुडवून चिखलात
कोण उतरेल?
अनुदान दोन वर्षांचं, मी सांगते.
आणि तिसऱ्या वर्षी? सासरे विचारतात.
एकदा रोज घेतला की
फुकट उतरताना माणसाला लाज वाटते.

या प्रश्नाला अर्जात रकाना नाही.

रात्री दिव्याखाली पेन्सिलीने लिहिलं:
'बांध टिकणार नाही. दर कार्तिकात
तो पुन्हा बांधणारी चौतीस घरं टिकतील.'
वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत.
मग माझ्याच लक्षात आलं,
शाणूचं घर मे महिन्यात मडगावला गेलं,
कुलूप लावून, कोंबड्या आमच्याकडे सोडून.
म्हणजे तेहेतीस.
म्हणजे गुणाकार परत, टक्केही परत,
सहा पानांवर खाडाखोड.

मी खोडरबर शोधत होते.
चौतीसच ठेव, सासरे म्हणाले.
शाणूचे नऊ दिवस मी घालीन.
आणि स्वतःचे?
तेही.

त्यांचं वय बाहत्तर आहे.
पान चारवर मीच भरलंय.