पाणी आलं की उठव

सात रस्त्याजवळ, तळमजला,
म्हणून तर आलो. उंबऱ्याला लाकडी उतार.
आत तीन खुर्च्या.
मी माझी घरूनच आणलेली,
तेव्हा एक उरली. नागमणीनं तिच्यावर
पिशवी ठेवली, टॉवेल, माझ्या गोळ्या,
माझा एक्स-रे.

होटगीकर बाईंनी मला विचारलं, झोप लागते?
नागमणी म्हणाली, लागते.
जेवण?
नागमणी म्हणाली, दीड भाकरी.
राग येतो कधी?
नागमणी म्हणाली, नाही हो, फार शांत झालेत.

बाई पेनाला टोपण लावत म्हणाल्या,
मी गड्डमांना विचारलं.

पंखा फिरत होता.
चार-चार माग एकदम चालत तेव्हाही
एवढा आवाज ऐकला नव्हता मी.

चार वर्षं झाली. बीम खांद्यावर होता, पायरी चुकली.
बीम वाचला. मालक म्हणाला, नशीब.

तेव्हापासून आमच्यात भांडण नाही.
गल्लीत कौतुक आहे. नागमणी म्हणजे देवी, म्हणतात.
देवीशी भांडता येत नाही.
तिला कुशीत घेता येत नाही, ते वेगळंच.

बाईंनी तेही विचारलं, आवाज खाली न आणता.
आम्ही दोघं एक्स-रेच्या पाकिटाकडे बघत बसलो.

मग म्हणाल्या, रोज अर्धा तास.
त्यात गोळी नाही, चादर बदलणं नाही,
कसं वाटतंय नाही.
मग करायचं काय?
ते तुम्ही बघा. लग्न तुमचं आहे.

पहिले दोन दिवस बंद टीव्ही बघितला.
तिसऱ्या दिवशी तिचं सूप मांडीवर ओढलं,
बिड्यांना दोरा बांधत गेलो.
रात्री दिसलं, ती पाठमोरी बसून
एकेक सोडून पुन्हा बांधत होती.
छाट निघतात, म्हणाली.
मग तसं तोंडावर सांग की.

पाचव्या खेपेला मीच बोललो.
पाणी आलं की मला उठव.
(चौथ्या रात्री अडीचला येतं. ती दिवा लावत नाही.
मी जागाच असतो, भांड्यांचे आवाज ऐकत.)

उठून काय करणार तुम्ही?
निघून गेलं तिच्या तोंडून,
मग पदर तोंडावर.

कळशा मोजीन, म्हटलं.
तू दर खेपेला एक कमी भरतेस,
आणि चौथ्या दिवशी अंघोळ
माझी होते, तुझी नाही.

तेव्हा नागमणी पेटली.
मराठी पुरेना, तेलुगूवर आली.
माझ्या आईपर्यंत गेली, बीमपर्यंत,
त्या पायरीपर्यंत, जी मी बघायला हवी होती.
मीही सोडलं नाही.
बाईंना अक्षर कळलं नसावं,
पण पेन त्यांनी उचललं नाही.

काल दिवा लावला तिनं.
दाराशी माझी खुर्ची, पायावर ओली पाइप.
कुणाच्या तरी मोटारीची घरघर, चिलटं,
तिचे केस सुटलेले.

अकरा, मी म्हणालो.
बारा, ती म्हणाली.

अकराच होत्या.